उपग्रहाच्या नजरेतून जंगलतोड आणि जंगलाची पुनर्वाढ

पदवीच्या वर्गांना पर्यावरण अध्ययन हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निर्देशानंतर अनिवार्य झाला. ज्या महाविद्यालयांना त्यासाठी स्वतंत्र प्राध्यापक नेमणे परवडत नाही, तिथे तो बहुधा भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाच्या वाट्याला येतो. प्रस्तुत लेखकाचा विषय उर्दू आणि मराठी. तरीही काही वर्षांपासून हा तास माझ्याकडे आहे. वनांचे प्रकरण शिकवताना मी नेहमीप्रमाणे फळ्यावर देशाच्या वनाच्छादनाचा आकडा लिहिला आणि तो गेल्या वेळेपेक्षा थोडा वाढला असल्याचे सांगितले. मागच्या बाकावरचा खानापूर तालुक्यातला एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या गावामागची टेकडी मी शाळेत असताना तोडली. आजूबाजूच्या आणखी दोन टेकड्याही तोडल्या. मग वाढलं ते कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. "देशाचा आकडा आणि गावाचा आकडा वेगळा असतो" असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पुढे या विषयावर जे वाचले, जाणकारांना विचारले आणि स्वतः संगणकावर पाहिले, ते माझ्यासारख्याच इतर शिक्षकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. मी शास्त्रज्ञ नाही, म्हणून गणिताच्या खोलात शिरलेलो नाही. आकडा कसा तयार होतो हे समजले, तर विद्यार्थ्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येते, एवढाच हेतू.

उपग्रहाला काय दिसते?

पहिला गैरसमज दूर करू. उपग्रहाला झाड दिसत नाही, जंगलही दिसत नाही. त्याला दिसतो तो जमिनीवरून परत फिरलेला प्रकाश. हिरव्या पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा निकट अवरक्त प्रकाश मात्र निरोगी पान फार मोठ्या प्रमाणात परतवून लावते. उघड्या मातीचे तसे नसते. ती दोन्ही प्रकाश कमी-अधिक सारखेच परतवते. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकते.

या दोन प्रकाशांतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की जो अंक मिळतो त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. दाट हिरवाईचा निर्देशांक ०.६ च्या वर जातो, उघड्या जमिनीचा ०.१ किंवा ०.२ च्या आसपास राहतो, पाण्याचा शून्याच्या खाली. शास्त्रज्ञ जी छायाचित्रे दाखवतात त्यांत जंगल लालभडक असते ते याचमुळे; न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला दाखवण्यासाठी लाल रंग उसना घेतलेला असतो. विद्यार्थ्यांना हे आधी सांगावे, नाहीतर लाल दिसले की ते वणवा समजतात.

दुसरी गोष्ट मापाची. उपग्रहाची प्रतिमा चौकोनी ठिपक्यांनी बनलेली असते आणि एका ठिपक्यात जमिनीचा जेवढा तुकडा येतो त्याच्या आत काय चालले आहे हे वेगळे दिसत नाही; सगळ्याची सरासरी येते. हे ठिपके गुंठ्यांत सांगितले की आपल्या मुलांना चटकन उमगते. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सुटला. त्याचा ठिपका सुमारे ८० मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे साधारण दीड एकराचा होता. १९८० च्या दशकातल्या लँडसॅटपासून तो ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा झाला. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये गेला. पुढे त्या मालिकेतल्या लिस-३ या कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. युरोपच्या सेंटिनेल-२ चा, जो २०१५ पासून फिरतो आहे, ठिपका दहा मीटरचा आहे: बरोबर एक गुंठा म्हटले तरी चालेल.

ठिपका लहान झाला म्हणून सगळे प्रश्न सुटत नाहीत. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर ढग असतात, तेव्हा प्रकाशावर चालणारा उपग्रह आंधळा असतो. हिवाळ्यात सूर्य कलता असल्याने डोंगराच्या उत्तर उताराची सावली पडते आणि सावलीतले जंगल पाण्यासारखे काळे दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग आणि इतर पानझडी झाडे पाने टाकतात. त्या महिन्यातली प्रतिमा ऑक्टोबरच्या प्रतिमेशी ताडून पाहिली तर न झालेली जंगलतोड दिसते. म्हणून पावसाळा संपल्यानंतरचे महिने वनांच्या पाहणीसाठी निवडतात आणि एका वर्षाची तुलना दुसऱ्या वर्षाच्या त्याच हंगामाशी करतात.

ब्राझीलचा दाखला

जंगलतोडीवर आकाशातून पहारा कसा ठेवतात हे पाहायचे असेल तर ब्राझीलकडे पाहावे लागते. अमेझॉनचा ब्राझीलमधला प्रशासकीय प्रदेश पन्नास लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या संपूर्ण देशाच्या दीडपट. तिथे वनरक्षक पायी फिरून तोड मोजणे अशक्यच. त्या देशाची राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था, जिला तिच्या आद्याक्षरांवरून इन्पे म्हणतात, १९८८ पासून दरवर्षी लँडसॅटसारख्या उपग्रहांच्या प्रतिमांवरून सरसकट तोड झालेले क्षेत्र मोजते. या मोजणीचे नाव प्रोदेस. सुरुवातीची अनेक वर्षे प्रतिमांच्या कागदी प्रती टेबलावर पसरून, डोळ्यांनी पाहून तोडीच्या सीमा आखत असत.

प्रोदेसच्या हिशेबाने २००४ मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल साफ झाले. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. एका वर्षात सात गोवे गेले म्हणा. त्याच वर्षी इन्पेने डेटर नावाची दुसरी व्यवस्था सुरू केली. प्रोदेस वर्षाअखेरचा जमाखर्च मांडते, तर डेटर म्हणजे रखवालदाराची शिटी. तिचा ठिपका मोठा, २५० मीटरचा, त्यामुळे २५ हेक्टरपेक्षा लहान तोड तिला दिसत नसे; पण तो उपग्रह रोजच्या रोज येत होता आणि ताज्या तोडीची खबर काही दिवसांत पर्यावरण खात्याच्या पथकापर्यंत पोहोचत होती. संरक्षित क्षेत्रे वाढली, तोड करणाऱ्या भागांतले कर्ज आवळले गेले, जंगल तोडून पिकवलेले सोयाबीन न घेण्याचा करार २००६ मध्ये व्यापाऱ्यांनी केला. या सगळ्यांचा मिळून परिणाम असा की २०१२ मध्ये आकडा ४,५७१ वर आला.

इथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. रखवालदाराला २५ हेक्टरच्या आतले दिसत नाही हे तोड करणाऱ्यांना उमगायला वेळ लागला नाही. तोडीचे मोठे तुकडे कमी झाले आणि लहान तुकड्यांचे प्रमाण वाढत गेले. पुढे २०१५ पासून डेटरने बारीक ठिपक्याचे कॅमेरे घेतले आणि तीन हेक्टरपर्यंतची तोड पकडायला सुरुवात केली. यातल्या एका उपग्रहाशी आपलाही संबंध आहे: ब्राझीलचा अमेझोनिया-१ हा उपग्रह २८ फेब्रुवारी २०२१ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या पीएसएलव्ही यानाने सोडला.

आकड्यांचे राजकारणही तिथे झाले. २०१९ च्या जुलैमध्ये डेटरचे आकडे तोड झपाट्याने वाढल्याचे सांगू लागले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते खोटे असल्याचे जाहीरपणे म्हटले. इन्पेचे संचालक, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्दो गाल्व्हाव यांनी आपल्या संस्थेची बाजू सोडली नाही; ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. वर्षाअखेर प्रोदेसची स्वतंत्र मोजणी आली: २०१८ मध्ये ७,५३६ आणि २०१९ मध्ये १०,१२९ चौरस किलोमीटर. गाल्व्हाव यांचे म्हणणे बरोबर निघाले. अलीकडे तोड पुन्हा उतरली असून २०२४ ची मोजणी सुमारे साडेसहा हजारांची आहे. हे सगळे वादंग होऊ शकले, कारण प्रतिमा आणि नकाशे सर्वांना उपलब्ध होते आणि कोणीही ताडून पाहू शकत होते. माझ्या मते हीच या व्यवस्थेची खरी ताकद. कॅमेरा त्यानंतर येतो.

वेचून केलेली तोड

पण वरचे सगळे आकडे सरसकट तोडीचे, जिथे जंगल भुईसपाट होते. लाकूड व्यापारी असे करत नाही. त्याला हवे असतात एका हेक्टरातले चार-दोन मोठे, भाव येणारे वृक्ष. ते पाडले, ओढून नेले, बाकीचे जंगल उभेच. वरून पाहिले तर पर्णछत्रात काही भोके. आजूबाजूच्या फांद्या वर्ष-दोन वर्षांत पसरतात, खाली वेली आणि झुडपे माजतात आणि भोक हिरव्याने बुजते. नऊ गुंठ्यांच्या ठिपक्याची सरासरी जवळजवळ पूर्वीइतकीच येते. जंगल पोखरले गेले तरी निर्देशांक "ठीक आहे" म्हणतो.

मग हे कसे ओळखतात? तोडलेल्या झाडापेक्षा त्याला नेणाऱ्या वाटेवर लक्ष ठेवून. यंत्रे जाण्यासाठी जंगलात कच्चे रस्ते काढावे लागतात, ओंडके रचण्यासाठी मोकळी जागा लागते. त्या उघड्या मातीची खूण काही काळ टिकते आणि फांद्यांसारखी पसरलेली दिसते. दुसरी युक्ती अशी की एकाच ठिपक्याला "जंगल" किंवा "जंगल नाही" असे नाव न देता त्यात हिरवे पान किती, सुकलेले लाकूड-पाचोळा किती आणि माती किती याचा वाटा काढायचा. दुधात पाणी किती हे पाहण्यासारखेच ते आहे. ग्रेगरी अॅस्नर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत वापरून १९९९ ते २००२ या काळासाठी ब्राझीलच्या अमेझॉनमधली निवडक तोड मोजली आणि २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्षाला १२ हजार ते जवळजवळ २० हजार चौरस किलोमीटर जंगलात अशी तोड होत होती. सरसकट तोडीच्या तोडीस तोड असे हे क्षेत्र तोवर कोणत्याही वार्षिक आकड्यात धरले जात नव्हते. त्याच नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने १९९२ ते २०१४ या काळासाठी दाखवले की लाकूडतोड, आग इत्यादींनी खंगलेल्या जंगलाचे क्षेत्र साफ झालेल्या जंगलापेक्षाही मोठे आहे.

आपल्याकडच्या घाटातही चोरटी तोड बहुधा याच प्रकारची असते. रात्रीत एक शिसम जातो, पुढच्या महिन्यात दुसरा. उपग्रहाच्या आकड्यात हे शोधायला गेलात तर सापडणार नाही. ते वनरक्षकाच्या वहीत सापडले तर सापडेल.

पुन्हा उगवते ते काय?

पुनर्वाढ मोजणे तोड मोजण्याहून अवघड आहे, याचे साधे कारण म्हणजे तोड एका दिवसात होते आणि वाढ पन्नास वर्षांत. एक प्रतिमा कालची आणि एक आजची ठेवली की तोड दिसते. वाढ दिसण्यासाठी दर वर्षाची प्रतिमा हवी.

प्रोदेसचाच नियम पाहा. एकदा तुकडा साफ झाल्याची नोंद झाली की तो नकाशावर कायमचा झाकला जातो. पुढे तिथे काही उगवले तरी प्रोदेस त्याकडे पाहत नाही. मूळ जंगल किती उरले एवढेच त्याला सांगायचे असते. उगवलेल्या दुय्यम वनासाठी इन्पे आणि तिथली कृषी संशोधन संस्था मिळून टेराक्लास नावाची वेगळी मोजणी करतात. साफ केलेल्या जमिनीपैकी साधारण एक-पंचमांश भागावर पुन्हा रान माजले असल्याचे तीत आढळले. यातले बरेचसे काही वर्षांत पुन्हा कापले जाते.

दुसरी अडचण निर्देशांकाची. पडीक जमिनीवर झुडपे आली, चार-पाच वर्षांची कोवळी झाडे दाटीने उभी राहिली की निर्देशांक भराभर चढतो आणि मग थांबतो. पाण्याची टाकी भरली की नळ कितीही वेळ सुरू ठेवा, पातळी वाढत नाही, तसे. दहा-पंधरा वर्षांचे दाट कोवळे रान आणि दोनशे वर्षांचे जुने जंगल यांचा अंक जवळजवळ सारखा येतो. लाकडाचे वजन, साठवलेला कार्बन, पक्षी, प्राणी, औषधी वनस्पती यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण पानांनी आकाश झाकले आहे यापलीकडे त्या अंकाला बोलता येत नाही.

यावर जो उपाय निघाला तो २००८ नंतरचा. त्याआधी लँडसॅटची एक प्रतिमा विकत घ्यायला सहाशे डॉलर पडत, त्यामुळे अभ्यासक दोन-तीन प्रतिमांवर भागवत. २००८ मध्ये अमेरिकेने सारा साठा मोफत खुला केला. आता एकाच ठिपक्याची तीस-चाळीस वर्षांची नाडी पाहता येते. दवाखान्यात रोग्याच्या खाटेला तापाचा तक्ता लावलेला असतो, तसा प्रत्येक ठिपक्याचा तक्ता. रेषा एकाएकी कोसळली तर तोड किंवा आग. हळूहळू उतरली तर रोग, दुष्काळ, चराईचा ताण. हळूहळू चढली तर पुनर्वाढ. आणि रेषा करवतीच्या दातांसारखी असेल, आठ-दहा वर्षे चढून एका दिवसात कोसळत असेल, तर ते जंगल नाही, निलगिरीची लागवड आहे. मला स्वतःला या विषयातले सर्वांत पटलेले चित्र हेच. एका वर्षाच्या आकड्याने जे कधीच कळले नसते ते या वेड्यावाकड्या रेषेने कळते.

२०१३ मध्ये मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाने मेरिलँड विद्यापीठात साडेसहा लाखांहून अधिक लँडसॅट प्रतिमा चाळून साऱ्या जगाचा नकाशा केला. २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेले आणि ८ लाख चौरस किलोमीटर नव्याने आले असे त्यात निघाले. नकाशा अप्रतिम होता, तरी आक्षेप लगेच आला: पाम तेलाची, रबराची आणि निलगिरीची बागही यात वृक्षाच्छादनच ठरते.

आपल्या देशाचा आकडा

याच जागी आपल्या देशाच्या आकड्याकडे वळू. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने, जी आपल्या हैदराबादला आहे, लँडसॅटच्या प्रतिमांवरून सांगितले की १९७२-७५ मध्ये देशात ५ कोटी ५५ लाख हेक्टर जंगल होते आणि १९८०-८२ मध्ये ते ४ कोटी ६३ लाखांवर आले. म्हणजे देशाच्या भूभागाच्या १६.८९ टक्क्यांवरून १४.१० टक्के. त्या काळी सरकारी दप्तरात वनजमीन साडेसात कोटी हेक्टरांच्या घरात होती, त्यामुळे खळबळ उडाली. १९८१ मध्ये देहरादूनला स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा पहिला अहवाल १९८७ मध्ये आला. त्याने १९८१-८३ च्या प्रतिमांवरून वनाच्छादन सुमारे ६ कोटी ४० लाख हेक्टर ठरवले. उपग्रह तोच, वर्षे जवळजवळ तीच आणि दोन आकड्यांत पावणेदोन कोटी हेक्टरांचा फरक. विरळ झाडीला जंगल म्हणायचे की नाही, प्रतिमेवरची रेषा कुठे आखायची, हे दोन संस्थांनी वेगवेगळे ठरवले होते. हा वाद पुढे दोघांनी बसून मिटवला.

दुसरी उडी २००१ ची. १९९९ च्या अहवालात ६,३७,२९३ चौरस किलोमीटर आणि २००१ मध्ये ६,७५,५३८. दोन वर्षांत अडतीस हजार चौरस किलोमीटर जंगल उगवत नाही. झाले असे की प्रथमच सगळ्या देशाच्या प्रतिमा संगणकावर, मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर तपासल्या गेल्या. पूर्वी २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर येत नसे, आता एक हेक्टरचाही येऊ लागला. संस्थेने हे लपवले नव्हते, अहवालात खुलासा केला होता. तो खुलासा पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचत नाही एवढेच.

तेव्हापासून चालत आलेली व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा त्याहून मोठी, दहा टक्क्यांहून अधिक पर्णछत्र असलेली कोणतीही जमीन, मग तिची मालकी कोणाचीही असो, कायद्याने ती वन असो वा नसो, झाडे कोणतीही असोत. यात आंब्याची बाग येते, नारळाची वाडी येते, बांबूचे बेट येते. दहा टक्के म्हणजे शंभर चौरस फुटांच्या अंगणात दहा चौरस फूट सावली. सत्तर टक्क्यांवर अतिदाट, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, दहा ते चाळीस विरळ अशा तीन पायऱ्या आहेत. पण बातमीत येते ती बेरीज. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, देशाच्या २१.७६ टक्के, आणि २०२१ पेक्षा १५६ चौरस किलोमीटरनी जास्त आहे.

गोव्याचे वनाच्छादन या व्याख्येने साठ टक्क्यांच्या आसपास येते, तर तिथे दप्तरी नोंदलेली वनजमीन राज्याच्या सुमारे एक-तृतीयांश आहे. मधला फरक बहुतांशी काजू, नारळ, आंबा आणि खासगी मालकीच्या झाडीचा. काजूची बाग वाईट नाही, तिच्यावर कुटुंबे जगतात. पण काजूच्या बागेत गवा राहत नाही.

भाषेचा शिक्षक म्हणून इथे एक विषयांतर करतो. 'जंगल' हा शब्द संस्कृतातल्या 'जांगल' वरून आला आणि आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडीचा, कोरडा प्रदेश. फारसी-उर्दूतून आणि पुढे इंग्रजीतून फिरता फिरता त्याचा अर्थ घनदाट, ओलसर अरण्य असा होऊन बसला. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशात वन म्हणजे शब्दकोशात जो अर्थ असेल ते, असे म्हटले होते. शब्दकोशावर इतका मोठा भार क्वचितच पडला असेल.

ढगांच्या आड आणि पानांच्या खाली

प्रकाशाच्या या मर्यादांवर रडारचा उतारा आहे. रडार उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकतो, त्यामुळे रात्र आणि ढग आड येत नाहीत. लहर आखूड असेल तर ती वरच्या पानांवरूनच परत येते. वीतभर, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची लहर पाने ओलांडून जाड फांद्या आणि खोडांवर आदळते. म्हणून लाकूड किती आहे याचा अंदाज तिला थोडाफार येतो. अमेरिका आणि भारत यांनी मिळून बनवलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्यात ही लांब लहरही आहे आणि इस्रोची नऊ सेंटिमीटरच्या आसपासची लहरही. बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवर येतो. पावसाळ्यात घाटात काय चालले आहे हे पाहण्याची सोय यामुळे बरीच सुधारेल. याशिवाय आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८ च्या अखेरीस बसवलेले जेडी नावाचे उपकरण लेझरचे ठोके खाली सोडून झाडांची उंची मोजते. कोवळे रान आणि जुने जंगल यांतला फरक निर्देशांकाला कळत नव्हता, उंचीला कळतो.

प्रतिमा आणि माणसाचा हक्क

आतापर्यंत आपण झाडांचे बोललो. प्रतिमेच्या मर्यादेचा फटका माणसांना कसा बसतो याचे उदाहरण वनहक्क कायद्यात आहे. २००६ च्या या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्यांना हक्क मागता येतो. दाव्यांची छाननी करताना जुन्या उपग्रह-प्रतिमा काढल्या गेल्या आणि त्या वर्षी तिथे हिरवे दिसते, म्हणजे शेत नव्हते, म्हणून दावा फेटाळला, असे गुजरातेत मोठ्या संख्येने झाले. आता वरचे ठिपक्याचे गणित आठवा. डोंगरउतारावर झाडांच्या मधोमध दहा-पंधरा गुंठ्यांत नाचणी किंवा तूर असेल तर ती दोन-तीन ठिपक्यांत झाडांबरोबर मिसळून जाते. प्रतिमा पावसाळ्यानंतरची असेल तर उभे पीकही हिरवेच. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले गेले की उपग्रह-प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक म्हणून घ्यावी, त्यांच्या जागी घेऊ नये. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये तेच धरून केवळ प्रतिमेवरून फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला सांगितले.

जे आदिवासी नाहीत पण पिढ्यान् पिढ्या जंगलात राहत आले आहेत, त्यांना कायदा तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागतो. २००५ मधून पंचाहत्तर वजा केले की १९३० येते. पहिला लँडसॅट १९७२ चा. मधल्या बेचाळीस वर्षांबद्दल आकाश काहीच सांगू शकत नाही. तिथे म्हाताऱ्या माणसाची जबानी, जुनी दफनभूमी, विहीर, बांध हेच पुरावे.

टेकडीकडे परत

त्या विद्यार्थ्याला घेऊन मी आमच्या संगणक कक्षात त्याच्या गावामागची टेकडी शोधली. गूगल अर्थवर जुन्या वर्षांच्या प्रतिमा मागेपुढे सरकवून पाहता येतात. इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळही २००९ पासून खुले आहे. जुन्या प्रतिमेत टेकडीवर ठिगळाठिगळांची झाडी होती, कुठे गडद, कुठे फिकी. मग एका वर्षी लालसर माती. त्यानंतर ओळीत ठिपके, आणि अलीकडच्या प्रतिमांत साऱ्या टेकडीवर एकसारखा गडद हिरवा रंग, उन्हाळ्यातसुद्धा न उतरणारा. "अकेशिया लावला आहे सर," तो म्हणाला. मूळ झाडीत किंदळ, नाणा, मत्ती, हिरडा होते असे त्याच्या आजोबांकडून आम्हांला नंतर कळले. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येने टेकडी तेव्हाही वनात होती आणि आताही आहे. कदाचित एक पायरी वर चढली असेल. विद्यार्थीही खोटा नव्हता आणि पुस्तकही.

यंदा हा प्रयोग वर्गासाठी बसवला आहे. प्रत्येक गटाने आपल्या गावाजवळची एक जागा निवडायची, तिच्या डिसेंबर किंवा जानेवारीतल्याच प्रतिमा घ्यायच्या, कमीत कमी पाच वेगवेगळ्या वर्षांच्या, आणि रंग कसा बदलला ते लिहायचे. मग प्रत्यक्ष जायचे. बरोबर तेहेतीस फुटांचा दोर न्यायचा. तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट म्हणजे एक गुंठा, म्हणजेच सेंटिनेलचा एक ठिपका. दोराने तो चौकोन जमिनीवर आखायचा आणि त्याच्या आत किती झाडे आहेत, किती जातींची आहेत, खोडाचा घेर किती, खाली रोपे उगवली आहेत का आणि किती बुंधे कापलेले आहेत हे वहीत लिहायचे. झाडांची नावे गावात विचारून घ्यायची, मराठीत, कानडीत, उर्दूत, जशी मिळतील तशी.